तिसरं पान

शाळेला दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत जो तो स्नेहलला एकच सांगत होता: आता तीन आठवडे मस्त आराम कर, सातवा महिना आहे, पाय वर घेऊन बस. स्नेहल मान डोलवत राहिली. पाय वर घेऊन बसायला आधी बसायला मिळावं लागतं, हे बोलून दाखवायचाही तिला कंटाळा आला होता. बॅग उचलून ती खाली आली, रिक्षा केली आणि घरी न जाता तशीच मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलात गेली. तिथे तिसऱ्या मजल्यावर तिचे वडील, नाना, ॲडमिट होते आणि डॉक्टरांच्या राउंडची वेळ सव्वाचारची होती.

त्याआधी पंधरा मिनिटं लिफ्टसमोर पोचायचंच, हा तिचा गेल्या काही दिवसांचा नेम. लिफ्टचं दार उघडलं की डॉक्टरांना गाठायचं, कोपऱ्यात न्यायचं आणि हात जोडून म्हणायचं, "सर, नानांना आज काही सांगू नका. एवढी दिवाळी होऊ द्या." डॉक्टर माणूस भला. तो घड्याळाकडे बघत मान हलवायचा, पण दर दिवशी जरा कमी हलवायचा.

तिच्या खांद्याला एकच बॅग असे. एका कप्प्यात तिच्या लेकाचे, रुद्रचे डायपर, बिस्किटं आणि चाक तुटलेला ट्रॅक्टर. दुसऱ्या कप्प्यात नानांची फाईल. आणि डायपरच्या खाली, पार तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेला एक कागद. नानांचा रिपोर्ट तीन पानांचा होता. पहिली दोन पानं आकड्यांची, त्यांतून कुणाला काही बोध व्हायचा नाही. तिसऱ्या पानावर दोनच ओळी होत्या, आणि त्यांत सगळं होतं. स्वादुपिंडात गाठ, लिव्हरपर्यंत पसरलेली. "महिने धरून चला," डॉक्टर म्हणाले होते, "वर्ष नको." स्नेहलने पॅसेजमध्ये उभ्या उभ्या स्टेपलची पिन नखाने उकलली, तिसरं पान वेगळं केलं, काउंटरवरचा स्टेपलर मागून उरलेली दोन पानं पुन्हा टाचली आणि चेहरा पुसून आत गेली. नानांना सांगितलं, की पित्ताच्या नळीत खडा अडकला होता, म्हणून कावीळ झाली. आत छोटी नळी बसवली आहे. ताप उतरला की घरी.

नानांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. त्यांनी फाईल मागितली, चष्मा लावून दोन्ही पानं वाचली आणि परत दिली. "बरं," एवढंच म्हणाले.

नाना म्हणजे केरूनाना. इगतपुरीकडच्या खेड्यातून विसाव्या वर्षी नाशिक रोडला आले आणि सिक्युरिटी प्रेसमध्ये चिकटले, ते निवृत्त होईपर्यंत. काम काय, तर छापून आलेले टपाल तिकिटांचे ताव तपासायचे. रंग फिसकटलाय का, दोन तिकिटांमधल्या भोकांच्या ओळीत एखादं भोक कमी पडलंय का, हे नुसत्या नजरेनं बघायचं. चाळीस वर्षं हेच केल्यामुळे घरातसुद्धा भिंतीवरची फ्रेम सुताएवढी वाकडी असली की त्यांना जेवण जात नसे. विमलाबाई, म्हणजे स्नेहलची आई, या सवयीला जाम वैतागायच्या.

विमलाबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचाही पोटाचाच आजार. निदान झालं आणि तीन आठवड्यांत त्या गेल्या. शेवटी शेवटी जेवणच सोडलं, भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. स्नेहल तेव्हा नुकतीच सासरी आलेली, जाऊन येऊन असायची. तिच्या मनाने पक्कं धरलं होतं, की नानांनी आईला खरं सांगितलं असणार. नानांना खोटं बोलता येत नाही. सांगितलं आणि आईने हाय खाल्ली. हे तिने कधी नानांना विचारलं नाही. विचारायला लागतं असं तिला वाटलंच नाही. आता जानेवारीत बाळ येणार होतं. तोवर नाना टिकायला हवे होते. आणि त्यांना टिकवायचं तर तिसरं पान डायपरखालीच राहायला हवं होतं, एवढा एकच हिशेब तिच्या डोक्यात पक्का होता.

तर अशी दोन हजार बावीसची ती दिवाळी. पोटात एक, कडेवर एक, आणि जीव टांगलेला हॉस्पिटलात. नवरा संतोष महावितरणच्या सबस्टेशनवर. सणात लाइट गेली की अख्खं गाव त्यालाच शिव्या देणार, म्हणून त्याला सुट्टी नाही. ड्यूटी संपली की तो बिचारा नानांजवळ झोपायला जायचा आणि सकाळी घरी येऊन मेल्यासारखा पडायचा. मदतीला दिंडोरीकडून सासूबाई आल्या होत्या, बायडाबाई. कामाला वाघ, बोलायला त्याहून. नानांचं खरं दुखणं त्यांना सांगितलं नव्हतं, कारण बायडाबाईंच्या पोटात तीळ भिजत नसे.

वसुबारसेला चकल्या झाल्या. स्नेहल सोऱ्या दाबत होती आणि रुद्र तिच्या पायाला मिठी मारून "उचल" म्हणत होता. सव्वादोन वर्षांच्या त्या पोराला फटाक्यांची भीती बसली होती. गल्लीत साधी लवंगी वाजली तरी तो खाली उतरेना. पंचवटी कारंज्यामागची ती गल्ली, दिवसभर काहीतरी वाजतच असायचं. धनत्रयोदशीला त्याला ताप आला, ताप उतरतोय तोवर स्नेहलचे पाय सुजले. नरकचतुर्दशीला पहाटे उठून तिने सगळ्यांना उटणं लावलं, रुद्रने त्यातलं मूठभर खाल्लं, आणि त्याच्या तोंडात बोट घालून ते काढता काढता ती एकदम रडायला लागली. बायडाबाई म्हणाल्या, "आगं, उटण्यानं काय व्हत नाय पोराला." स्नेहलने डोळे पुसले आणि डबा भरायला घेतला. दोन मजले खाली, रिक्षा, तिसरा मजला, लिफ्टसमोर उभं राहणं, हात जोडणं, आत जाऊन हसणं, परत रिक्षा, दोन मजले वर. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिने देवीपुढे हात जोडले आणि तिला काय मागायचं तेच आठवेना.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, ग्रहण होतं. ऐन दिवाळीत सूर्यग्रहण, लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधोमध. बायडाबाईंनी सकाळीच जाहीर केलं, "पावणेपाचला लागतंय. दिस बुडंस्तोवर तू घराबाहेर पाय काढायचा नाय. चिरायचं नाय, शिवायचं नाय, आंग दुमडायचं नाय. सरळ पडून ऱ्हायाचं."

"आई, मला हॉस्पिटलला जायचंय. डॉक्टर आज उशिरा, पाच वाजता येणार आहेत."

"डाक्टर तुला बघायला येतोय का तुज्या बापाला?"

"मी असायला लागते."

"का आसायला लागती?"

स्नेहल म्हणाली, "हे ग्रहण-बिग्रहण मी मानत नाही, आई."

"तू नको मानू. पोटातल्याला मानू दे." बायडाबाईंनी दाराला आतून कडी घातली आणि दारातच गवार निवडायला बसल्या.

स्नेहल मनातून घाबरली नव्हती, कारण तिच्या हातात हुकमाचं पान होतं. नानांना फोन लावायचा. नाना आणि ग्रहण म्हटलं की ती गोष्ट ठरलेली होती, शंभरदा सांगून झालेली. पंचाण्णव साली दिवाळीतच असं ग्रहण आलं होतं, आणि तेव्हा स्नेहल विमलाबाईंच्या पोटात होती. चाळीतल्या सगळ्या बायका दारं लावून बसलेल्या, आणि नानांनी बायकोला पाटावर बसवून तिच्या हाती विळी दिली. कांदा चिरायला लावला. मग पुठ्ठ्याला दाभणाने भोकं पाडून तो उन्हात धरला, तर समोरच्या भिंतीवर प्रत्येक भोकातून एकेक कोर पडली. "पन्नास कोरी!" नाना सांगायचे. "तुझ्या आईनं कांदा चिरता चिरता पन्नास ग्रहणं बघितली. आणि पोरगी काय झाली? ही अशी!" मग ते स्नेहलची बोटं मोजून दाखवायचे, दहा.

तिने फोन लावला. नानांचा आवाज खोल गेला होता.

"नाना, आई मला ग्रहणामुळे सोडत नाहीयेत. तुम्हीच सांगा त्यांना जरा."

नाना म्हणाले, "विहीणबाई म्हणतात ते ऐक. ग्रहण पाळ. आज येऊ नको."

"नाना?"

"सातवा महिना आहे. उगाच कशाला. मी बरा आहे. झोप जरा." आणि त्यांनी फोन ठेवला.

स्नेहल फोन हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. आजाराने माणूस बारीक होतो, पिवळा पडतो, हे तिने सोसलं होतं. पण नाना ग्रहणाला घाबरले? पुठ्ठ्याला भोकं पाडणारा माणूस आत कुठेतरी संपलाच की काय? आता भांडायला तिच्याकडे कुणी उरलं नव्हतं. तिने डॉक्टरांना दोनदा फोन केला, उचलला नाही. वॉर्डातल्या इन्शा सिस्टरला लावला. "सिस्टर, सरांना तेवढं सांगाल ना, आज काही बोलू नका म्हणून?"

"सांगते ताई," इन्शा म्हणाली. "पण पेशंटनं स्वतः विचारलं, तर सर खोटं नाही बोलत हां."

पावणेपाचला बायडाबाईंनी खिडक्या लावल्या, डब्यांवर तुळशीची पानं ठेवली, स्नेहलला चटईवर सरळ झोपवलं आणि रुद्रला कडेवर घेऊन दुसऱ्या खोलीत गेल्या. जाताना दार ओढून घेतलं. गल्लीतले फटाके थांबले होते. पूजेला म्हणा, भीतीने म्हणा, सगळं शहर घरात बसलं होतं. स्नेहल छताकडे बघत पडली. डोक्यात एकच, की पाच वाजले, डॉक्टर लिफ्टमधून बाहेर पडले असतील. कोपऱ्यात कुणी नाही. ते सरळ आत गेले असतील. उठून जावं असं तिच्या मनात आलं, पण मन उठलं तरी पाय उठेनात. कुणी तिला हाक मारत नव्हतं. कुणी पाणी मागत नव्हतं, कुणी उचल म्हणत नव्हतं. तिने काही उचलायचं नव्हतं, चिरायचं नव्हतं, हलायचंसुद्धा नव्हतं. पोटातलं बाळ एकदा वळलं आणि निवांत झालं. असं तिला किती महिन्यांत मिळालं नव्हतं ते आठवता आठवता तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा अंधारून आलं होतं आणि बायडाबाई न्हाऊन, ओल्या केसांनी पणत्या लावत होत्या. "सुटलं गं बाई," त्या म्हणाल्या. स्नेहल धडपडत उठली, फोन शोधला. नानांनी उचलला नाही. इन्शा म्हणाली, "सर आले होते ताई. बराच वेळ होते आत. आता जेवून झोपलेत बाबा." स्नेहलला पुढे विचारवलं नाही. आपण झोपलो, एवढंच तिला टोचत राहिलं. बाप तिथे एकटा, आणि आपण दोन तास मेल्यासारखं झोपलो.

पाडव्याला दुपारी ती तबक घेऊन गेली. रुद्रही बरोबर, कारण त्याने सोडलंच नाही. दरवर्षी पाडव्याला ती नानांना ओवाळायची. लग्नानंतरही चुकलं नव्हतं. नाना उशीला टेकून बसले होते. दाढी केलेली. तिने त्यांच्या टाळूला तेल घातलं, कुंकू लावलं, अक्षता लावल्या. निरांजन लावायला काडी काढली तर इन्शा धावत आली. "दिवा नको ताई, शेजारी ऑक्सिजन चालू आहे." मग तिने अंगठी आणि सुपारी घेऊन ओवाळलं आणि बिनदिव्याचं तबक तसंच तीनदा फिरवलं. रुद्र पलंगावर चढून नानांच्या मांडीशी बसला आणि अनारसा खाऊ लागला, अर्धा तोंडात, अर्धा चादरीवर.

ओवाळणीसाठी स्नेहलने तबक पुढे धरलं. नानांनी उशीखाली हात घातला नाही.

"ओवाळणी नंतर," ते म्हणाले. "आधी ते तिसरं पान दे."

स्नेहलच्या हातातली सुपारी घरंगळली.

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"काल सांगितलं. मी विचारलं म्हणून. पण मला पहिल्या दिवसापासून माहितेय." त्यांनी फाईल उघडून दोन पानं समोर धरली. "हे बघ, कोपऱ्यात. पिन एक आणि भोकं चार. म्हणजे एकदा टाचलेलं उकललं आणि पुन्हा टाचलं. खाली छापलंय, पान दोन, एकूण तीन. ते कुणालाही दिसलं असतं. मला आधी भोकं दिसली."

"मग मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू खोटं बोलली असतीस. ते मला ऐकायचं नव्हतं." नानांनी दाराच्या काचेकडे बोट केलं. काचेतून लिफ्ट सरळ दिसत होती. "रोज बघायचो. तुझे पाय सुजलेले, हे ध्यान कडेवर, आणि तू त्या डॉक्टरापुढं हात जोडतेयस. लिफ्ट उघडायच्या आत हजर. तुला तिथनं हलवायचं कसं ते सुचत नव्हतं. मग ग्रहण आलं." ते दमून थांबले. "विहीणबाईंना सकाळीच फोन केला, म्हटलं, आज हिला सोडू नका. तर त्या म्हणाल्या, मी तशीबी सोडणार नव्हते."

स्नेहलला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं. "मला वाटलं तुम्ही घाबरलात. मला वाटलं, तुम्ही संपलात."

"जन्मात एकदा ग्रहण पाळलं मी. झोपलीस का तेवढी?"

"झोपले." ती स्टुलावर बसली. मग जे तीन वर्षं मनात होतं ते बाहेर पडलं. "मला तुम्हाला आईसारखं करायचं नव्हतं नाना. तुम्ही तिला खरं सांगितलंत आणि ती तीन आठवड्यांत..."

नानांनी तिच्याकडे बघितलं. तिकिटाच्या तावाकडे बघायचे तसं, सावकाश.

"मी तिला नव्हतं सांगितलं, स्नेहल."

तिने घरंगळलेली सुपारी उचलून तबकात ठेवली.

"मला जमलंच नाही. आणि तिला सगळं कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच भिंतीकडे तोंड करून पडायची. मला दिसू नये म्हणून. तीन आठवडे आम्ही दोघं मेथीच्या भावावर बोललो. नळाला पाणी आलं का, दूध तापवलं का. शेवटच्या दिवशी मला म्हणाली, गॅस बंद केलाय ना." नानांनी चादरीवरचे अनारशाचे कण गोळा केले. "चाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटचं बोलणं गॅसवर. तिला काय बोलायचं होतं, कुणाला भेटायचं होतं, मला आजपर्यंत माहीत नाही. ते तसलं मला पुन्हा नको. तुझ्याबरोबर तर नकोच."

रुद्रने अर्धा अनारसा नानांच्या तोंडापुढे धरला. नानांनी कणभर खाल्ला.

स्नेहलने बॅग उघडली. ट्रॅक्टर काढला, बिस्किटं काढली, डायपर काढले आणि तळाची पिशवी काढली. चार घड्या उलगडून तिसरं पान नानांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, दोन ओळी दोनदा वाचल्या, कागदाच्या चुण्या तळहाताने मोडल्या. मग इन्शाकडून स्टेपलर मागून घेतला आणि जुनी पिन उकलून काढली. तिन्ही पानं मांडीवर ठोकून सरळ केली, कोपरे जुळवले आणि पहिल्या भोकांवर नेमकी पिन बसवायचा प्रयत्न करू लागले. पानं सरकत होती. स्नेहलने पानं धरली, त्यांनी दाबलं. पिन थोडी तिरकी बसली. त्यांनी ती तशीच राहू दिली.

"जानेवारीपर्यंत थांबायचा प्रयत्न करतो," ते म्हणाले. "वचन देत नाही. औषधं किती घ्यायची, किती नाही, ते आज डॉक्टर आले की तुझ्यादेखत ठरवू. आणि इथनं सुटलो की मी तुमच्याकडे येतो राहायला. दोन मजले चढवा कसंही."

"चढवू," स्नेहल म्हणाली.

"पाय वर घे तुझे. पलंगावर. भोपळा झालाय घोट्याचा."

तिने चपला काढल्या आणि सुजलेले पाय नानांच्या पायांशेजारी पलंगावर ठेवले. मग दोघं बोलत बसले. ती भीतीबद्दल बोलली, नानाही भीतीबद्दलच बोलले, आणि मधे मधे विमलाबाईंबद्दल. सव्वाचार झाले. काचेतून लिफ्टचं दार उघडलेलं दिसलं, डॉक्टर बाहेर आले, सवयीने कोपऱ्याकडे वळले आणि तिथे कुणी नाही बघून थांबले. स्नेहल उठली नाही. तिने हात हलवून त्यांना आत बोलावलं.